हातची जागा आणि मनातली जागा

जोयडा तालुक्यातील दिग्गी या लहानशा गावाजवळ काळी नदी उगम पावते आणि सह्याद्रीच्या रानांतून वाट काढीत कारवारपाशी समुद्रास मिळते. दिग्गीच्या मुलांनाही उच्च शिक्षणासाठी गाव सोडूनच जावे लागते. कोणी कारवारास, कोणी हल्याळास, कोणी हुबळी-बेळगावास. समजा, अशा घरातील एक मुलगी बारावी उत्तीर्ण झाली व अभियांत्रिकीच्या सामाईक परीक्षेतही बरे गुण मिळवून बसली. पहिल्या फेरीत तिला एक जागा मिळते. परंतु मनातले महाविद्यालय निराळेच असते. मिळालेली जागा आजच पक्की करावी, की थांबावे? उत्तर चुकल्यास मुलीचे एक वर्ष, किंवा घरची जपून ठेवलेली पुंजी, वाया जाण्याचा संभव असतो. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या पद्धतीत जागा मिळालेल्या विद्यार्थ्यापुढे चार पर्याय ठेवलेले असतात. पहिला, जागा मान्य आहे, शुल्क भरून प्रवेश घेतो. दुसरा, जागा मान्य आहे, शुल्क भरतो, परंतु यादीतील वरच्या महाविद्यालयासाठी पुढील फेरीतही राहतो. तिसरा, ही जागा नको, पुढील फेरीत पाहू. चौथा, ही जागाही नको आणि पुढील फेरीही नको. पहिला पर्याय म्हणजे घाईचा आणि तिसरा म्हणजे धीराचा, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः थांबणे दोन प्रकारचे असते. हातचे राखून थांबणे हा दुसरा पर्याय होय. हातचे सोडून थांबणे हा तिसरा. या दोहोंतील भेद ज्याने ओळखला त्याचे निम्मे काम झाले.

मात्र दुसऱ्या पर्यायातही एक मेख आहे. पुढील फेरीत वरची जागा मिळाली की आधीची जागा आपोआप रद्द होते. दोन्ही समोर ठेवून निवड करण्याची मुभा मिळत नाही. आपल्या मुलीने यादीत प्रथम हुबळी, मग बेळगाव, मग कारवार असा क्रम लिहिला आणि पहिल्या फेरीत तिला कारवारचे सरकारी महाविद्यालय मिळाले, असे धरू. तिने दुसरा पर्याय घेतला आणि पुढे बेळगावचे एखादे खासगी महाविद्यालय मिळाले, तर कारवारची जागा गेली. बेळगावचे शुल्क आणि वसतिगृहाचा खर्च वडिलांना झेपणारा नसेल, तर दोष नशिबाचा नव्हे, यादीच्या क्रमाचा. तेव्हा खरा निर्णय फेरीच्या दिवशी होत नसून यादी लिहिताना होतो. जे महाविद्यालय मिळाल्यास आनंदाने जाता येणार नाही, ते हातच्या जागेच्या वर लिहू नये.

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात तर यादीच्या क्रमाला अधिकच महत्त्व आले आहे. 2025च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप कायम होते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम लागतो. अकरावीच्या राज्यव्यापी प्रवेशातही त्या वर्षी पहिली पसंती मिळूनही प्रवेश न घेणारा विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांस मुकत असे. ही गोष्ट सीमाभागातील घरांनी विशेष ध्यानात घ्यावी. वादग्रस्त सीमाभागातील शाळांतून दहावी-बारावी झालेल्या आणि मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्राच्या अभियांत्रिकी प्रवेशात स्वतंत्र उमेदवारी आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांच्या यादीत आपले गाव व शाळा आहे किंवा नाही, हे आधीच पाहून ठेवावे. दारे दोन असली, तरी दोन्ही राज्यांची वेळापत्रके एक नसतात. एका दारी शुल्क भरताना दुसरे दार केव्हा उघडणार, हे माहीत असले पाहिजे.

हाच प्रश्न अमेरिकेत अर्जाच्या वेळीच उद्भवतो. तेथे कित्येक महाविद्यालये लवकरचा अर्ज बहुधा 1 नोव्हेंबरच्या सुमारास घेतात आणि डिसेंबरच्या मध्यास उत्तर देतात. नेहमीचा अर्ज जानेवारीच्या आरंभी जातो आणि 1 मेपर्यंत विचारास अवधी मिळतो. लवकरच्या अर्जाचा एक प्रकार बंधनकारक असतो: प्रवेश मिळाला की इतर सर्व अर्ज मागे घेऊन तेथेच जावे लागते. आर्थिक साहाय्य अपुरे ठरले तर सुटका होऊ शकते, पण अनेक महाविद्यालयांचे साहाय्य शेजारी ठेवून तुलना करण्याची संधी मात्र गेलेली असते. अशा पद्धतीचा लाभ सुस्थितीतील मुलांनाच अधिक होतो, असे कारण देऊन हार्वर्ड व प्रिन्स्टन या विद्यापीठांनी लवकरचे अर्ज बंद करण्याचे 2006 साली जाहीर केले होते. 2011 साली दोघांनीही ते पुन्हा सुरू केले. खर्चाची चिंता नसलेल्याला लवकर शब्द देणे सोपे जाते. ज्याला पैसा मोजून पाहावा लागतो, त्याला तुलनेसाठी अवधी हवा असतो.

मग लवकर बांधून घ्यावे तरी केव्हा? तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तेव्हा. सर्व महाविद्यालयांनी बोलावले तरी मी येथेच जाईन काय? चारही वर्षांचा खर्च, शुल्क, वसतिगृह व प्रवासासह, घरच्यांनी मांडून पाहिला आहे काय? आणि कागदपत्रे पूर्ण आहेत काय? या तिसऱ्या प्रश्नाकडे खेड्यातील घरांत नेमके दुर्लक्ष होते. कर्नाटकात ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी 15 टक्के जागा राखीव असतात; त्यासाठी पहिली ते दहावी ही दहा वर्षे ग्रामीण भागात शिकल्याचा दाखला लागतो आणि तो हक्क अर्जातच नोंदवावा लागतो. दिग्गीसारख्या गावाहून जातीच्या, उत्पन्नाच्या वा शाळेच्या दाखल्यासाठी तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. ऐन पावसाळ्यात, मुदतीच्या आदल्या दिवशी, त्या घालण्याची पाळी येऊ देऊ नये.

तीनपैकी एकही उत्तर डळमळीत असेल, तर हातची जागा राखावी व थांबावे; पण हातची जागा सोडून थांबू नये. पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, निकालाची वाट पाहत बसण्याऐवजी एका संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन बसावे, कागदावर महाविद्यालयांची नावे व त्यांपुढे खर्च लिहावा, आणि क्रम मात्र मुलांच्या मुखातून वदवून घ्यावा. पैशाची मर्यादा आईवडिलांनी स्पष्ट सांगावी, आवड मुलांनी स्पष्ट सांगावी. म्हणजे मग फेरीच्या दिवशी जी जागा येईल, ती घरातील सर्वांनी विचारपूर्वक मागितलेलीच असेल.