लाइन गेली तरी काम थांबू नये

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळात इथे चेन्नईत अनेक भागांतली वीज आणि इंटरनेट गेलं होतं. अशा वेळी दूरच्या सर्व्हरवर चाललेल्या कामाचं काय होतं, ते आज बघू.

लॅपटॉपवर टीमक्स सुरू करा. त्यात कमांड द्या: टीमक्स स्प्लिट-विंडो -एच, आणि पुढे अवतरणचिन्हांत एसएसएच व सर्व्हरचं नाव. खिडकीचे डावा-उजवा असे दोन भाग होतात आणि नव्या भागात सर्व्हर उघडतो. ‘-एच’ऐवजी ‘-व्ही’ दिलं, तर भाग वर-खाली होतात.

पण हे टीमक्स तुमच्या लॅपटॉपवर आहे. लाइन तुटली की एसएसएच तुटतं, आणि त्यात चाललेलं काम सहसा बंद पडतं. म्हणून काम लांबणार असेल, तर आधी एसएसएचने सर्व्हरवर जा आणि टीमक्स तिथे सुरू करा. मग लाइन गेली तरी काम चालू राहतं. पुन्हा आत जाऊन ‘टीमक्स अटॅच’ दिलं, की सगळं समोर हजर!

फौजेत वायरलेस बंद पडला म्हणून चौकीवरचा पहारा थांबत नाही, कारण पहारेकरी चौकीवरच असतो. टीमक्सही तिथेच ठेवा.