बोलायला शिकवणारे घर

चारचौघांत उभे राहून बोलताना मुलाला वाटणारी भीती शब्द कमी पडतात म्हणून येते असे नाही. ऐकणाऱ्यांच्या नजरांची ती भीती असते. यवतमाळ जिल्ह्यातले मूल अंगणात, शेताच्या बांधावर भरभरून बोलते. तेच मूल २६ जानेवारीला शाळेत उभे राहिले की मोठ्यांनी लिहून दिलेले भाषण एका दमात म्हणून टाकते. मधली ओळ विसरली की सगळेच थांबते, कारण त्यातला विचार त्याचा नसतो.

म्हणून घरच्या तयारीत आधी विषय मुलाचा हवा. कापूस वेचणीचेच घ्या. कमरेला ओटी कशी बांधतात, उमललेल्या बोंडातून कापूस कसा ओढतात, त्यात वाळलेली पाने का येऊ द्यायची नाहीत, ओल्या कापसाला भाव का कमी मिळतो, हे शेतावर गेलेल्या मुलाला कुणी लिहून द्यावे लागत नाही. कामाचा क्रम हाच भाषणाचा क्रम होतो. पहिले आणि शेवटचे वाक्य तेवढे पक्के करून घ्यावे. सुरुवात ठरलेली असली की पहिल्या अर्ध्या मिनिटातली धडधड निभावून जाते. मधल्या भागासाठी चिठ्ठीवरचे चार-पाच शब्द पुरतात.

या जिल्ह्यात भाषेचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. घरात वऱ्हाडी, बंजारा तांड्यावर गोरमाटी, कोलामांच्या पोडावर कोलामी, कुठे गोंडी. आणि शाळेत प्रमाण मराठी. बोलण्याच्या ओघात ‘मला’ऐवजी ‘मले’ निघाले आणि वर्ग हसला, तर ते मूल पुन्हा लवकर हात वर करत नाही. तोच घाव घरात बसू नये. सराव चालू असताना उच्चार मध्येच सुधारण्याने जेवढे नुकसान होते तेवढे चुकीच्या उच्चाराने होत नाही. आधी सगळे घरच्या बोलीत सांगू द्यावे. मग तेच प्रमाण मराठीत सांगायला लावावे. भाषेइतकेच महत्त्वाचे असते ते सांगण्यातले स्वतःचे जगणे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे या शेतकरी विधवेने केले. त्याआधी त्यांनी ‘तेरवं’ या नाटकात काम केले होते. शेतकरी विधवांचे जगणे मांडणाऱ्या त्या नाटकात त्यांच्यासारख्याच बाया रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. जगलेले बोलायचे असले की मोठ्या मंचावरही पाय रोवता येतात.

सभाधीटपणाची एक जुनी तालीम तर गावातच आहे. पोळ्याला तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की एखादा गडी पुढे होऊन यमक जुळवत झडती म्हणतो, आणि शेवटी सगळा जमाव ‘हर हर महादेव’चा गजर करतो. आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा पोचवायचा, शेवटच्या ओळीआधी किती थांबायचे, हे त्यात आपोआप कळते. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन आलेल्या मुलांनाही हे जमते. आजोबांकडून एखादी झडती शिकावी, मग शाळेवर, पावसावर स्वतःची रचावी. हा खेळ वर्षभर चालू शकतो.

ऐकणारे हळूहळू वाढवावेत: आधी एकटी आजी, मग घरचे सगळे, मग शेजारची मंडळी. मूल उभे राहून बोलत असताना मोठ्यांनी हातातला मोबाइल खाली ठेवावा. छाती धडधडणे, तोंड कोरडे पडणे हे शरीराच्या सावधपणाचे लक्षण आहे, सराईत वक्त्यांनाही ते होते, हे मुलाला सांगून ठेवावे. घोटभर पाणी आणि सावकाश सोडलेला श्वास उपयोगी पडतो. बोलून झाल्यावर लगेच चुका मोजू नयेत. न समजलेल्या भागावर खरा प्रश्न विचारावा, म्हणजे उत्तर देताना मूल तोच भाग आणखी स्पष्ट मांडते.

काही मुले मुळातच अडखळतात. त्यांचा अर्धा शब्द दुसऱ्याने पुरा करू नये, ‘सावकाश बोल’ असा तगादाही लावू नये. अडखळणे महिनोन्‌महिने टिकले किंवा मूल बोलणेच टाळू लागले, तर वाचा-उपचारतज्ज्ञाचा सल्ला वेळेवर घ्यावा.