विटेला देणगी मिळते, वीजबिलाला नाही

हौशी किंवा प्रायोगिक नाटक करणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या बैठकीत संहिता, नट, दिग्दर्शक हे विषय त्या मानाने लवकर आटोपतात. गाडी अडते ती जागेपाशी. तालीम कुणाच्या तरी गच्चीवर नाहीतर शाळेच्या वर्गात, सेट एकाच्या गॅरेजमध्ये, कपडे दुसरीच्या माळ्यावर. महापालिकेच्या नाट्यगृहाच्या शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक निर्मात्यांकडे गेलेल्या असतात, हौशी संस्थेच्या वाट्याला आडवारची सकाळ येते. आणि नऊशे खुर्च्यांच्या सभागृहात शंभर-दीडशे प्रेक्षक विखरून बसले की नट आणि प्रेक्षक दोघंही ओशाळतात. मग कोणीतरी म्हणतंच, ‘आपलं स्वतःचं थिएटर पाहिजे.’

या वाक्यावर सगळ्यांचं एकमत होतं. समिती नेमली जाते, पावतीपुस्तकं छापली जातात, एखादी जुनी इमारत किंवा बंद पडलेलं थिएटर हेरलं जातं. पैसे जमवणं कठीण आहे, पण अशक्य नाही. नाटकवेड्या गावात वास्तूसाठी माणसं खिशात हात घालतात. खरी अडचण उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि तिचा विचार निधी गोळा करतानाच करावा लागतो.

परक्या छपराखाली

स्वतःची जागा नसतानाही मोठं काम होतं, याचा आपल्याकडचा सर्वांत ठळक दाखला म्हणजे दादरचं छबिलदास. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने १९७४ साली छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले. बांधीव रंगमंच नव्हता, विंगा नव्हत्या, गुबगुबीत खुर्च्या नव्हत्या. स्टेशन जवळ, त्यामुळे खालच्या बाजाराचा गलका वर यायचा. तरी सत्यदेव दुबे, अमोल पालेकर यांच्यासारख्यांनी तिथे नाटकं केली आणि ‘छबिलदास’ ही एका चळवळीची ओळख बनली. भाडं परवडणारं होतं, म्हणून नाटक पडलं तरी संस्था बुडत नव्हती. प्रायोगिक नाटकाला एवढंच स्वातंत्र्य लागतं.

पण शाळा शेवटी शाळेची होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते पर्व संपलं आणि ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली. चळवळीचं नाव राहिलं, पत्ता बदलला. परक्या छपराखालचं काम कितीही मोठं असलं तरी त्याची मुदत दुसऱ्याच्या हाती असते. स्वतःच्या वास्तूसाठी याहून चांगलं कारण सापडणार नाही.

याच्या उलट मुंबई मराठी साहित्य संघ. संघाची स्थापना १९३५ची. डॉ. अ. ना. भालेराव यांच्या काळात गिरगावातल्या केळेवाडीत संघाने खुल्या रंगमंचावर नाट्यमहोत्सव केले, प्रेक्षक आणि नाव कमावलं आणि बंदिस्त नाट्यगृह उभं राहिलं ते १९६४ साली. आधी वर्षानुवर्षं प्रयोग, मग भिंती. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

बंगळूरची चौदा वर्षं

लोकांकडून पैसे उभे करून बांधलेल्या आणि पुढे नीट चाललेल्या नाट्यगृहांत बंगळूरच्या ‘रंगशंकरा’चं नाव वर घ्यावं लागेल. शंकर नाग हे नाव आपल्याला ‘मालगुडी डेज’मुळे ठाऊक आहे. पण त्यांची नाटकाची उमेदवारी मुंबईत, मराठी रंगभूमीवर झाली. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा हात होता. मुंबईत वाढलेल्या, मराठी-गुजराती-हिंदी नाटकांत काम करणाऱ्या अरुंधती राव त्यांना इथेच भेटल्या. लग्नानंतर दोघं बंगळूरला गेले आणि ‘संकेत’ या संस्थेमार्फत कन्नड नाटकं करू लागले.

बंगळूरला रवींद्र कलाक्षेत्र होतं, पण ते मोठं होतं. लहान संस्थेला परवडेल, नटाचा साधा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं थिएटर नव्हतं. ते बांधायचं शंकर यांच्या मनात होतं. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटार अपघातात ते गेले, वय अवघं पस्तीस. अरुंधती आणि मित्रमंडळींनी ते काम हाती घेतलं. न्यास झाला, नागरी सुविधांसाठी राखीव असलेला जे. पी. नगरमधला भूखंड सरकारकडून भाडेपट्ट्याने मिळाला. मग कंपन्या, व्यक्ती, नाटकवाले, जो देईल त्याच्याकडे जाणं. वास्तुविशारद शारुख मिस्त्री यांनी आराखडा केला. २८ ऑक्टोबर २००४ रोजी रंगशंकरा उघडलं. शंकर गेल्याला चौदा वर्षं झाली होती.

आता आत जाऊन पाहा. आसनं जेमतेम ३२०. रंगमंच प्रेक्षकांत पुढे आलेला, तीन बाजूंनी माणसं. प्रयोगाची वेळ झाली की दार बंद. उशिरा आलेल्याला प्रवेश नाही, मग तो कोणीही असो. बाहेरच्या उपाहारगृहात नट, प्रेक्षक आणि पुढच्या आठवड्यात प्रयोग असलेला दिग्दर्शक एकाच टेबलाशी चहा पीत असतात. या सगळ्याच्या मुळाशी एक धोरण आहे, रोज एक नाटक. कुठल्याही भाषेचं, कुठल्याही संस्थेचं, पण नाटकच. लग्न नाही, कंपनीचा मेळावा नाही, नृत्यशाळेचं स्नेहसंमेलन नाही. भाडं मुद्दाम कमी ठेवलेलं. तुटीसाठी प्रायोजक शोधणं हे न्यासाचं कायमचं काम, बांधकाम संपलं म्हणून ते संपलेलं नाही.

मुंबईच्या पृथ्वी थिएटरची चालही अशीच. शशी कपूर आणि जेनिफर यांनी ते ५ नोव्हेंबर १९७८ रोजी जुहूला सुरू केलं तेव्हा पहिलं नाटक होतं गो. पु. देशपांडे यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीत. पृथ्वीमागे एका कुटुंबाचा पैसा होता, रंगशंकरामागे अनेकांचा. पण दोन्हीकडे लहान सभागृह, कमी भाडं, भरलेलं वेळापत्रक आणि बाहेर गप्पांना जागा आहे.

पैसे येतात कुठून

मराठी रंगभूमीला निधी जमवणं नवं नाही. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केलं ते टिळक स्वराज्य फंडासाठी. मदतीसाठी प्रयोग ही वाट तेव्हापासून मळलेली आहे. दुसरी वाट स्मरणिकेची. गावातल्या सराफापासून पतसंस्थेपर्यंत सगळ्यांच्या जाहिराती. तिसरी खुर्चीची, ठरावीक रक्कम द्या आणि आसनाच्या पाठीवर आईवडिलांचं नाव लावा. ही तिसरी वाट सर्वांत गुणकारी ठरते, कारण देणारा नंतर आपली खुर्ची बघायला येतो आणि नाटक पाहून जातो.

मोठ्या रकमेसाठी कागद लागतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली हवी. देणगीवर करसवलत देण्याचं, सगळे ज्याला ‘ऐंशी-जी’ म्हणतात ते प्रमाणपत्र हवं. दोन हजारांवरची रोख देणगी या सवलतीत बसत नाही. शिवाय पगारदार वर्गातले बरेच जण आता नव्या करप्रणालीत गेले आहेत आणि तिथे ही सवलतच नाही. ‘टॅक्स वाचेल’ हे आर्जव त्यामुळे पूर्वीइतकं चालत नाही. देणगी मागायची तर नाटकाच्या नावानेच मागावी लागते.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून कला आणि संस्कृतीसाठी खर्च करता येतो. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते. नोंदणी क्रमांक, ताळेबंद, प्रकल्प अहवाल सगळं लागतं आणि शाळा-दवाखान्यांच्या रांगेत नाटकाचा नंबर मागे असतो. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची वास्तू अनुदान योजनाही आहे. महानगरांत जास्तीत जास्त ५० लाख, इतरत्र २५ लाख आणि तेही प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत. म्हणजे चाळीस टक्के आपले आपणच उभे करायचे. कर्ज काढायचं तर महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. वास्तू पुढे विकायची वेळ आली तरीही लागते. यात काहींना जाच वाटतो. पण लोकांच्या पैशातून घेतलेली इमारत चार विश्वस्तांनी परस्पर विकू नये यासाठीच तो आहे.

वास्तू बघताना

स्वस्तात मिळते म्हणून घेतलेली जागा नाटकाला लागू पडेलच असं नाही. गोदाम प्रशस्त दिसतं, पण मधे खांब असतील तर प्रत्येक रांगेतल्या दोघा-तिघांना अर्धंच नाटक दिसणार. छत बुटकं असेल तर दिवे टांगायचे कुठे? साध्या घरगुती जोडणीवर रंगमंचाचा प्रकाश आणि वातानुकूलन चालत नाही. सेटचा टेम्पो मागच्या दारापर्यंत आला नाही तर प्रत्येक प्रयोगाला हमाली वाढते. बाहेर पडायला पुरेसे दरवाजे, अग्निशमनाचा दाखला, जागेच्या वापरातला बदल, स्त्री कलावंतांसाठी वेगळा रंगपट आणि स्वच्छतागृह, हे सगळं खरेदीखतावर सही करण्याआधी पाहायचं. आगीचा विषय तर कागदोपत्री समजू नये. ऑगस्ट २०२४मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेही केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू काही तासांत गेली.

जरा आकडेमोड

आता दुसऱ्या दिवसाचा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल. समजा दीडशे आसनांचं लहान थिएटर दोन कोटींना उभं राहिलं. एका प्रयोगाचं भाडं पाच हजार ठेवलं, कारण त्याहून जास्त लहान संस्थेला झेपत नाही. महिन्यात बारा प्रयोग झाले तर साठ हजार हाती येतात. रखवालदार, विजेचं काम पाहणारा, झाडलोट, वीजबिल, मालमत्ता कर, विमा, वातानुकूलन यंत्राची देखभाल असा महिन्याचा खर्च दीड लाख धरू. तूट नव्वद हजार, म्हणजे वर्षाला १० लाख ८० हजार. ही तूट ठेवीच्या व्याजातून भागवायची आणि व्याज सात टक्के धरायचं, तर जवळजवळ १ कोटी ५४ लाखांची ठेव लागेल. दोन कोटींच्या वास्तूसाठी दीड कोटी वेगळे!

आता प्रयोग बाराऐवजी पंचवीस करू. भाड्याचे सव्वा लाख येतील. वीज आणि राबता वाढला म्हणून खर्च पावणेदोन लाख धरू. तूट पन्नास हजारांवर येते, वर्षाला सहा लाख. लागणारी ठेव सुमारे ८६ लाख. म्हणजे तारखा दुप्पट केल्या तर जवळपास ६८ लाखांची देणगी मागायची गरजच उरत नाही. रोज नाटक हे धोरण कलेच्या प्रेमापोटी आलेलं असेल, पण हिशेबाच्या वहीतही तेच उतरतं.

यातून एक अवघड गोष्ट निघते. संस्थेचं स्वतःचं थिएटर हे फक्त त्या संस्थेचं राहूच शकत नाही. वर्षाला दोन-तीन नाटकं करणारी मंडळी उरलेल्या तीनशे-साडेतीनशे रात्री काय करणार? गावातल्या इतर संस्थांना, एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्यांनाही, त्याच भाड्यात बोलवावं लागतं. सकाळी बालनाट्य, दुपारी अभिवाचन आणि शिबिरं लावावी लागतात. कर्नाटकातल्याच हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या ‘नीनासम’ने हेच केलं. संस्था १९४९ची, नाट्यगृह १९७२चं, नाट्यशाळा १९८०ची आणि फिरती नाटकमंडळी १९८५ची. वास्तूभोवती वर्षभराचं काम रचलं, म्हणून खेड्यातही ती रिकामी पडली नाही.

मालकीचं ओझं

वास्तू हाती असली तरी नटसंच फुटला की काय होतं, तेही आपल्याच इतिहासात आहे. किर्लोस्कर नाटक मंडळीने पुण्यात स्वतःचं नाट्यगृह बांधलं. त्या काळच्या कंपन्यांत ही मोठीच मिरास. पण १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे मंडळी सोडून गेले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. लोक गंधर्वांच्या मागे गेले. किर्लोस्करांचं नाट्यगृह पुढे वसंत टॉकीज झालं. मालकीची इमारत नटांना धरून ठेवत नाही आणि प्रेक्षकांनाही नाही.

म्हणून आपल्या गावात अशी पावती घेऊन कोणी आलं तर देणगी जरूर द्यावी, पण आधी चार प्रश्न विचारावेत. वास्तूच्या किमतीबरोबर ठेवीचा आकडा ठरवलाय का? वर्षात किती रात्री पडदा वर जाणार? दुसऱ्या संस्थांना तारखा कोणत्या नियमाने मिळणार? आणि मालमत्ता कोणाच्या नावावर राहणार? या चारांची उत्तरं तयार असतील तर आकडा थोडा वाढवावा. नसतील तर पैसे रोखून धरण्यापेक्षा समितीला ती उत्तरं शोधायला लावावीत. आणि पावती खुर्चीच्या नावाने फाडायला आग्रह झाला, तरी निदान काही रक्कम पुढच्या पाच वर्षांच्या वीजबिलासाठी म्हणून लिहून द्यावी. तिथे कोणाचं नाव लागत नाही, म्हणून त्या रकान्यात कोणी लिहीत नाही.