उःशाप नसलेली गोष्ट

अंजनगाव सुर्जीच्या उत्तरेला गाविलगडाचे डोंगर आहेत. तिथे वाघ, बिबट्या, अस्वल असे सगळे राहतात. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ जंगलांत याच डोंगरांतल्या मेळघाटचं नाव होतं. लांडगा मात्र दाट जंगलाचा प्राणी नाही. तो मोकळ्या माळाचा, मेंढरांच्या कळपामागे फिरणारा. आपल्या लोककथांतही भीतीचा मान वाघाला मिळाला आहे आणि लांडग्याच्या वाट्याला लबाडी आली आहे. मग पानमळ्यांच्या आणि पानपिंपरीच्या या गावातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाची गोष्ट इतकी का आवडावी?

रूप बदलणं हे काही आपल्याला नवं नाही. मारीच सोन्याचं हरीण होतो. किंदम ऋषी हरणाच्या रूपात असताना पंडूचा बाण त्यांना लागतो. नहुष अजगर होतो. पण या गोष्टींत रूप बदलतं ते स्वतःच्या सिद्धीनं, नाहीतर दुसऱ्याच्या शापानं, आणि शापामागून बहुतेक वेळा उःशापही येतो. नहुषाला युधिष्ठिर भेटतो. कल्माषपाद राजा बारा वर्षं राक्षस होऊन भटकतो, मग वसिष्ठ त्याला सोडवतात. मुदत संपते आणि माणूस पुन्हा पहिल्यासारखा होतो.

लांडगा होणाऱ्या माणसाला, म्हणजे वेअरवुल्फला, उःशाप नाही. त्याचं बहुतेक वेळा काही चुकलेलंही नसतं. पुढच्या महिन्यात चंद्र पुन्हा भरणार आणि अंग पुन्हा बदलणार, हे त्याला ठाऊक असतं. त्यातून सुटता येत नाही, त्याच्यासह जगायला शिकावं लागतं. आवाज फुटणाऱ्या, मिसरूड येणाऱ्या, पाळी सुरू झालेल्या, स्वतःच्याच रागाला घाबरणाऱ्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वेअरवुल्फच्या कादंबऱ्यांची खरी ओढ इथेच आहे, असं माझं ठाम मत आहे. रक्त आणि सुळे ही वरची सजावट.

ही कल्पना युरोपात फार जुनी आहे. रोमन लेखक पेट्रोनियसने इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका शिपायाची गोष्ट लिहिली. चांदण्या रात्री तो थडग्यांजवळ कपडे उतरवतो आणि लांडगा होतो. त्या लांडग्याच्या मानेला जखम होते आणि नंतर तीच जखम शिपायाच्या मानेवर सापडते. पुढे या समजुतीनं माणसांचे जीवही घेतले. 1589 मध्ये जर्मनीत पीटर श्टुम्प नावाच्या माणसाला लांडगा होऊन खून केल्याच्या आरोपावरून हाल करून मारलं. चावल्यानं लागण होते, चांदीच्या हत्यारानंच मरण येतं, पौर्णिमेलाच रूप पालटतं, हे आज पक्के वाटणारे नियम मात्र मुख्यतः 1941 च्या ‘द वुल्फ मॅन’ने आणि त्याच्यामागून आलेल्या चित्रपटांनी रुजवले. ‘द वुल्फ मॅन’चा पटकथालेखक कर्ट सिओडमॅक हा नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून आलेला ज्यू होता. चित्रपटातल्या लांडगामाणसाला पुढच्या बळीच्या तळहातावर चांदणी दिसते. नाझींनी ज्यूंवर लादलेली चांदणी आणि लेखकाचं आयुष्य माहीत असलं की ती चांदणी पाहताना काळजात चर्र होतं.

हिंदी सिनेमानं हे भूत निदान दोन वेळा आपलंसं केलं. महेश भट यांच्या ‘जुनून’मध्ये (1992) शापित नायक पौर्णिमेला वाघ होतो. लांडग्याऐवजी वाघ घेतला, हे आपल्या मातीला धरूनच झालं. ‘भेडिया’ (2022) अरुणाचलच्या जंगलात घडतो आणि त्यात जंगलतोडीचा प्रश्न आहे.

पुस्तकांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हॅरी पॉटरच्या तिसऱ्या भागातला रीमस ल्युपिन. त्याला लहानपणीच चावा बसलेला आहे. शाळेत शिकता यावं म्हणून तो दर महिन्याला एका पडक्या घरात जाऊन लपतो. त्याचे मित्र त्याला एकटं सोडत नाहीत, त्याच्यासाठी ते प्राण्यांची रूपं घ्यायला शिकतात. मोठेपणी तो उत्तम शिक्षक होतो, पण गुपित फुटताच पालक आता गप्प बसणार नाहीत हे ओळखून स्वतःच नोकरी सोडतो. एचआयव्हीसारख्या आजारांमुळे माणसांवर बसणारा शिक्का आपल्या मनात होता, असं लेखिका रोलिंग यांनी सांगितलं आहे. मुलांच्या पुस्तकात इतकं धीट, इतकं मायाळू पात्र क्वचित भेटतं.

मॅगी स्टीफवॉटर यांच्या ‘शिव्हर’मध्ये (2009) चंद्राचा संबंधच नाही. थंडी पडली की माणसं लांडगे होतात आणि उबेला पुन्हा माणसं. दर वर्षी माणूसपणाचे दिवस कमी होत जातात आणि एका वर्षी ते येतच नाहीत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत होरपळणाऱ्या वऱ्हाडी वाचकाला हा नियम उलटा करून पाहावासा वाटतो, आणि कल्पित साहित्याची गंमत अशीच सुरू होते.

आपल्याकडे सामग्रीची वाण नाही. मेळघाटातल्या कोरकू गावांत वाघदेव आहे आणि वाघाला गावापासून दूर ठेवण्याचा मान परंपरेनं भुमकाकडे, म्हणजे गावच्या पुजाऱ्याकडे, असे. चिखलदऱ्याला भीमानं कीचकाला मारल्याची आख्यायिका आहे. 1803 च्या डिसेंबरात गाविलगड पडला आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला शिंदे आणि इंग्रज यांचा तह आपल्या अंजनगाव सुर्जीच्या नावानं झाला. आणि भुलाबाई! भाद्रपदाच्या पौर्णिमेला ती येते आणि कोजागरीला जाते. महिनाभर मुली घरोघर गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात. दोन पौर्णिमांमधला हा महिना वेअरवुल्फच्या कादंबरीसाठीच बेतल्यासारखा आहे. पहिल्या पौर्णिमेला काहीतरी घडलेली, दुसरीची वाट पाहणारी आणि मैत्रिणींपासून ते लपवत गाणी म्हणणारी मुलगी मला स्पष्ट दिसते.

पालकांना एवढंच सांगणं आहे की मुलाच्या हातात असं पुस्तक दिसलं तर ते हिसकावू नका. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आर. एल. स्टाइन यांची ‘गूजबम्प्स’ मालिका द्या, अकरा-बारा वर्षांच्या मुलांना ल्युपिनची ओळख करून द्या. ‘शिव्हर’ प्रेमकथा आहे, ती पंधराव्या वर्षापर्यंत थांबू शकते. हॅरी पॉटर मराठीत आहे, तेव्हा वाचनालयांनी तो कुलुपाच्या कपाटात न ठेवता मुलांच्या हाताला येईल असा ठेवावा. आणि वऱ्हाडात लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, भुलाबाईच्या महिन्यातल्या त्या मुलीची कादंबरी तुमच्यापैकी कुणीतरी लिहाच.