प्राण्यांची सोंगे, माणसांचा मेळा

गेल्या स्नेहसंमेलनात मी 'सिंह आणि ससा' या नाटकात ससा झालो होतो. एरवी फळ्यापाशी उभा राहिलो की माझी बोबडी वळते. पण पुठ्ठ्याचे कान लावून, मुखवटा चढवून मी सिंहाला चक्क विहिरीपर्यंत नेला! एकदाही अडखळलो नाही. मात्र पुढे पंधरा दिवस काही मुलं मला "ए सशा" म्हणून चिडवायची. मला रडूच आलं. तेव्हा बाईंनी वर्गात जी माहिती सांगितली, ती मी इथे देत आहे.

प्राण्यांना माणसासारखे बोलायला लावण्याची रीत फार जुनी आहे. पंचतंत्रात करटक आणि दमनक हे दोन कोल्हे आहेत. या गोष्टी सहाव्या शतकात इराणात गेल्या. आठव्या शतकात त्या अरबी भाषेत आल्या. गंमत म्हणजे तिथे करटकाचा झाला कलीला आणि दमनकाचा झाला दिम्ना!

अमेरिकेत अशा प्राण्यांची आवड असणारी मोठी माणसेही आहेत. त्यांना 'फरी' म्हणतात. फर म्हणजे प्राण्याच्या अंगावरचे मऊ केस. जवळजवळ प्रत्येक जण आपल्यासाठी एक प्राणी ठरवतो. कुणी कोल्हा, कुणी लांडगा. त्याला नाव देतो, स्वभाव देतो, त्याची चित्रे काढतो. सन १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे त्यांचे पहिले संमेलन भरले. तेव्हा सुमारे ६५ माणसे आली होती. आता पिट्सबर्ग शहरातील 'अँथ्रोकॉन' या संमेलनाला हजारो लोक जमतात. सोंगांची मिरवणूक निघते. गावचे लोक पोराबाळांना घेऊन बघायला येतात.

सोंगाचे डोके स्पंजाचे करतात व त्यावर बनावट केस लावतात. डोळ्यांना जाळी असते. तिच्यातून थोडेच दिसते, म्हणून बरोबर एक सोबती चालतो. आत फार उकडते. मधूनमधून एका खोलीत जाऊन डोके काढून पंख्यापुढे बसावे लागते, पाणी प्यावे लागते. माझा तर नुसता पुठ्ठा होता, तरी मी घामाने भिजलो! हा पोशाख महाग असतो. म्हणून पुष्कळ जण नुसते कान नि शेपटी लावतात, नाहीतर चित्रेच काढतात.

मी विचारले, "बाई, ती माणसं स्वतःला खरंच प्राणी समजतात का?" बाई म्हणाल्या, "तू ससा झालास तेव्हा गवत खाल्लंस का?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. बहुतेकांचा तो छंदच असतो.

पण त्यांनाही लोक हसतात, चिडवतात. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. सोंग दिसले तर विचारल्याशिवाय हात लावू नका, शेपटी ओढू नका. आतल्या माणसाला नीट दिसत नसते. तो पडेल, आणि त्याला वाईटही वाटेल.

मुखवट्यामुळे मला धीर आला. या शनिवारी मी हाच लेख मुखवटा न लावता वाचून दाखवणार आहे. अडखळलो तर थोडं थांबा. आणि "ए सशा" म्हणायचंच असेल, तर खुशाल म्हणा. आता मी रडणार नाही!

— इयत्ता ७ वी