मुंबई ते न्यूयॉर्क : नकाशावरचे आणि आकाशातले अंतर

आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेली एखादी मुलगी न्यूयॉर्कला निघते, तेव्हा तिचे आईवडील आम्हां शिक्षकांना दोनच प्रश्न विचारतात : ते किती दूर आहे, आणि ती कधी पोहोचेल? ही उत्तरे वाटतात तितकी सरळ नाहीत.

वर्गातील सपाट नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. या वाटेने सुमारे 14,200 कि.मी. पडतात. परंतु पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर त्याच दोन शहरांमध्ये दोरा ताणून पाहावा. तो अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया व नॉर्वे ओलांडून आइसलँडजवळून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी पोहोचतो आणि मग खाली उतरतो. ही लांबी भरते सुमारे 12,500 कि.मी. म्हणजे मुंबई-कोलकाता विमानप्रवासाएवढे अंतर वाचले! पश्चिमेकडील देशास जाणारे विमान आरंभी उत्तरेकडे का वळते, याचे उत्तर त्या दोऱ्यात आहे. प्रत्येक शाळेत पृथ्वीगोल असावा, असा आमचा आग्रह त्यामुळेच आहे.

ताशी 900 कि.मी. वेगाने हे अंतर चौदा तासांत संपावे. प्रत्यक्षात थेट विमानास पंधरा-सोळा तास लागतात. सुमारे दहा कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. जाताना ते बहुधा समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास लवकर आटोपतो. शिवाय दोऱ्याची वाट नेहमी मोकळी नसते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि त्यांना वळसा पडू लागला. वाऱ्याचा अडथळा ऋतूनुसार बदलतो, राज्यकर्त्यांचा केव्हाही.

बाबासाहेब जुलै 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले ते जहाजाने. तो प्रवास आठवड्यांनी मोजला जाई, आणि माता रमाईंकडे येणारे पत्रही जहाजानेच यायचे. आज फोन हाती असतो, तरी पालकांचा जीव टांगणीला लागतो तो घड्याळामुळे. समजा, हिवाळ्यात विमान मुंबईहून पहाटे 2 वाजता निघाले. सोळा तासांनी ते उतरेल तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे 6 वाजलेले असतील. तिकिटावर मात्र त्याच दिवशीची सकाळी 7.30 ही वेळ दिसेल, कारण न्यूयॉर्क साडेदहा तास मागे आहे. ती वेळ आपली समजून सकाळपासून फोनपाशी बसणारे पालक आम्ही पाहिले आहेत.

तिकिटावरील पोहोचण्याच्या वेळेत हिवाळ्यात साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मिळवावेत. त्यापुढे पारपत्र तपासणीच्या रांगेसाठी आणखी तास-दोन तास धरावेत.