वाटेवरची शाबासकी

झाशीच्या सिव्हिल लाइन्स भागात पहाटे फेरफटका मारणाऱ्यास दोन प्रकारचे सायकलस्वार भेटतात. पहिला प्रकार जुना आहे. जवळच्या खेड्यांतून दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना अडकवून येणारा गवळी, कामावर निघालेला गवंडी किंवा रखवालदार, दप्तर कॅरियरला लावलेला विद्यार्थी हे सर्व त्यात मोडतात. दुसरा प्रकार अलीकडचा आहे. डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर भडक रंगाचा सदरा आणि मागे कपड्यांच्या पिशव्या बांधलेला हा स्वार दूरच्या प्रवासास निघालेला असतो. झाशी हे देशाच्या दोन मोठ्या मार्गांचे मीलनस्थान आहे. श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि गुजरातकडून आसामकडे जाणारा क्रमांक २७ येथे एकमेकांस मिळतात. साडेतीन हजारांहून अधिक किलोमीटरचा काश्मीर ते कन्याकुमारी हा प्रवास सायकलने करू पाहणाऱ्या अनेकांच्या वाटेवर झाशी लागते. येथून ललितपूर, सागर, शिवनी असे मुक्काम करीत हाच रस्ता पुढे नागपुरास, म्हणजे मराठी मुलखात पोचतो.

अशा प्रवाशाला चहाच्या टपरीवरून हाक येते, “कहाँ से आ रहे हो, भैया?” त्याने कन्याकुमारीचे नाव घेताच बाकावर जागा केली जाते. अनेकदा चहाचे पैसे घेतले जात नाहीत आणि निघताना पाठीवर थाप पडते. लांबच्या प्रवासाहून परतलेल्या सायकलस्वारांना काय आठवते असे विचारले, तर देखाव्यांइतकीच ही अनोळखी माणसे त्यांच्या बोलण्यात येतात. एका परक्या माणसाच्या दोन शब्दांनी थकलेल्या पायांत खरोखरच बळ येते काय, आणि येत असल्यास ते कोठून येते, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

जुनी वाट, जुना शिष्टाचार

परक्या वाटसरूची विचारपूस करण्याची रीत सायकलीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानाकडे पायी निघाले. बंडाच्या धामधुमीत ते झाशीत येऊन पोचले आणि १८५८ चा वेढा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला. ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा वृत्तान्त मराठी वाचकांस परिचित आहे. लुटीचे भय आणि अनोळखी घरी मिळालेला आसरा या दोन्ही गोष्टी त्या काळच्या प्रवाशाच्या वाट्यास येत. वाटसरूचा जीव पुष्कळदा परक्यांच्या मर्जीवर असे, आणि म्हणूनच त्याला पाणी विचारणे, पुढचा रस्ता सांगणे हा धर्माचा भाग मानला गेला.

महाराष्ट्रात या रीतीचे सर्वांत मोठे रूप पंढरीच्या वारीत पाहावयास मिळते. वाटेवरील गावे वारकऱ्यांना जेवू घालतात, त्यांच्या पायांना तेल लावतात. एकमेकांची नावेगावे ठाऊक नसलेली माणसे परस्परांस ‘माउली’ म्हणून हाक मारतात. या एका संबोधनात ओळख, आदर आणि धीर हे तिन्ही सामावले आहेत. सायकलस्वारास चढावर ऐकू येणारे “चला, थोडेच राहिले!” हे वाक्य त्याच घराण्यातले आहे. हे ‘थोडे’ पुष्कळदा पाच-सहा किलोमीटरचे निघते हा भाग निराळा. सांगणाऱ्याचा हेतू अंतर मोजण्याचा नसून धीर देण्याचा असतो.

आपण ज्या शब्दाने पाठ थोपटतो तो ‘शाबास’ हा शब्दही याच संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. तो फारसीतील ‘शाद बाश’ या शब्दांवरून आला आहे. त्याचा मूळ अर्थ ‘आनंदी राहा’ असा आहे. म्हणजे शाबासकी ही मुळात कामाची परीक्षा नव्हती, ती एक सदिच्छा होती.

शास्त्राने घेतलेला शोध

सायकल आणि प्रोत्साहन यांच्या संबंधाचा शास्त्रीय विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकाने १८९८ साली सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध धावणाऱ्या स्वारापेक्षा दुसऱ्यासोबत किंवा प्रतिस्पर्ध्यासोबत धावणारा स्वार अधिक वेगाने जातो असे त्यास आढळले. याची जी कारणे त्या काळी सांगितली जात ती त्याने एकेक करून मांडली. पुढचे वाहन वारा अडवते हे त्यांतील एक कारण होते. पुढच्या वाहनावर मित्र असल्यास त्याच्या धीर देण्याने स्वाराचे मन खचत नाही, हे दुसरे. यास त्याने ‘प्रोत्साहनाचा सिद्धान्त’ असेच नाव दिले होते. पुढे मुलांना दोरा गुंडाळण्याचे काम देऊन त्याने हाच प्रश्न प्रयोगशाळेत नेला. सामाजिक मानसशास्त्रातील अगदी प्रारंभीच्या प्रयोगांत त्याची गणना होते.

वाऱ्याचा मुद्दा येथेच स्पष्ट करणे इष्ट होईल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. त्यामुळे सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होते. चढावर मात्र वेग मंदावतो आणि स्वार स्वतःचे व सायकलीचे वजन वर उचलीत असतो. तेव्हा त्याचा वेग चालणाऱ्या माणसापेक्षा फारसा अधिक नसतो. रस्त्याकडेच्या माणसाचा चेहरा त्यास दिसतो, आवाज ऐकू येतो, एखादे पोर काही पावले सोबत धावूही शकते. शाबासकी चढावर अधिक मिळते याचे एक कारण हे आहे. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटातील चढाला आगळे महत्त्व आहे, आणि तो सर्वांआधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो. समोरचा वारा हा चढाइतकाच कठीण असतो, पण तो बघ्यांना दिसत नाही. सपाट रस्त्यावर वाऱ्याशी झुंजणारा स्वार म्हणूनच बहुधा एकटा असतो.

शब्दांनी स्नायूंना नवे इंधन मिळत नाही हे उघड आहे. मग बदलते काय? बदलतात त्या श्रमाच्या जाणिवा, असे आधुनिक अभ्यासक सांगतात. गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने श्रम किती वाटतात हे मोजण्यासाठी ६ ते २० अशी एक श्रेणी तयार केली. शरीरावर पडणारा भार आणि माणसाला वाटणारा भार या दोन गोष्टी सामान्यतः हातात हात घालून चालतात, पण त्या एकच नव्हेत. २००९ साली सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रयोगात काही व्यक्तींना आधी दीड तास डोके थकविणारे काम देण्यात आले आणि मग स्थिर सायकल चालविण्यास सांगण्यात आले. एरव्हीपेक्षा त्या लवकर थांबल्या. त्यांचे हृदय किंवा स्नायू अधिक थकले होते असे मोजमापांत दिसले नाही. तेवढेच काम त्यांना अधिक जड वाटत होते.

याच्या उलट दिशेचा प्रयोग २०१४ साली झाला. सायकल चालविणाऱ्यांसमोर पडद्यावर हसरे किंवा दुःखी चेहरे इतका अल्प वेळ दाखविण्यात आले की, आपण चेहरा पाहिला हेही त्यांच्या ध्यानात येऊ नये. हसरे चेहरे दाखविले असता ते सुमारे तीन मिनिटे अधिक टिकले. प्रयोगातील व्यक्ती मोजक्याच होत्या, तेव्हा त्यावरून मोठे निष्कर्ष काढणे बरे नव्हे. तथापि रस्त्याकडेच्या हसऱ्या चेहऱ्याविषयी सायकलस्वार जे सांगतात त्याच्याशी हे जुळते. धावपट्ट्यावरील २००२ च्या एका अभ्यासात प्रोत्साहनाच्या वारंवारतेचा विचार झाला होता. दर २० किंवा ६० सेकंदांनी शब्दांनी उत्तेजन दिल्यास माणसे अधिक नेट लावीत. तीन मिनिटांतून एकदा दिलेल्या उत्तेजनाचा मात्र तसा परिणाम दिसला नाही.

प्रत्येक हाक शाबासकी नसते

येथवरच्या विवेचनावरून परक्याचे लक्ष सदैव हितकारकच असते असा समज होण्याचा संभव आहे. तो योग्य नव्हे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली दाखवून दिले की, इतरांच्या उपस्थितीने अंगवळणी पडलेले काम सुधारते, पण नवे व कठीण काम बिघडते. सायकल शिकणाऱ्या मुलाचा अनुभव हेच सांगतो. सीटवर बसून पाय पुरत नाहीत म्हणून सांगाड्याच्या मधून पाय घालून चालविण्याच्या पद्धतीस उत्तर भारतात ‘कैंची’ म्हणतात. अशा तऱ्हेने डगमगत निघालेले पोर रिकाम्या गल्लीत नीट तोल सांभाळते आणि चौकातील चार माणसे पाहू लागली की पडते.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. रस्त्यावर एकट्या सायकल चालविणाऱ्या मुलीस ऐकू येणारी प्रत्येक हाक धीर देणारी नसते. अनेक मुलींची सायकल, आणि सायकलीबरोबर शाळाही, अशा हाकांमुळे सुटली आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ साली वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. १५९ दिवसांच्या त्या प्रवासात स्पेनमध्ये तिला चाकूच्या धाकाने लुटण्यात आले. तीच रस्त्यावरची परकी माणसे आधारही देतात आणि घातही करतात. म्हणून शाबासकीला काही मर्यादा पाळाव्या लागतात. ती दुरून द्यावी, थोडक्यात द्यावी, तिने वाट अडवू नये. मोटार शेजारी आणून भोंगा वाजविणे किंवा चालत्या सायकलीसोबत छायाचित्र काढू पाहणे, यात हेतू चांगला असला तरी स्वाराचा जीव धोक्यात येतो.

मात्र समाजाने ठरविले तर वातावरण बदलते, याचेही दाखले आहेत. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या काळात साक्षरता मोहिमेबरोबर ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविण्यात आली आणि हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. बिहार सरकारने २००६ साली माध्यमिक शाळेतील मुलींना सायकली देण्याची योजना आखली. मुली घोळक्याने जाऊ लागल्या. घोळक्यातील प्रत्येक मुलगी दुसरीचे धैर्य असते. परक्यांच्या कृपेची वाट पाहण्यापेक्षा हे धैर्य अधिक भरवशाचे ठरते.

दूरच्या वाटा

१९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सत्तर हजारांवर किलोमीटरची वाटचाल पुरी करून १९२८ साली परतले. त्या काळी वाळवंटांतून आणि अरण्यांतून जाताना स्थानिक लोकांच्या साह्यावाचून असा प्रवास अशक्य होता.

फ्रान्समध्ये १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १,२०० किलोमीटरची शर्यत भरली. आज ती हौशी सायकलस्वारांची यात्रा झाली असून दर चार वर्षांनी होते आणि जास्तीत जास्त ९० तासांत पूर्ण करावयाची असते. २०१९ आणि २०२३ साली अनेक भारतीयांनी तीत भाग घेतला. वाटेवरील खेड्यांतील लोक दारात मेज मांडून रात्री-अपरात्री कॉफी आणि पाणी देतात, मुले टाळीसाठी हात पुढे करतात. पहिला कोण आला याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. शेवटच्या स्वारासही तीच कॉफी मिळते. आपल्याकडील वारीशी या दृश्याचे साम्य मराठी वाचकास सहज जाणवेल.

शाबासकीचे मानकरी

सिव्हिल लाइन्समध्ये संत ज्यूड यांचे प्रार्थनामंदिर आहे. सर्व आशा संपलेल्यांचा पाठीराखा म्हणून ख्रिस्ती भाविक या संतास मानतात आणि २८ ऑक्टोबरच्या उत्सवास दूरदूरहून यात्रेकरू येथे येतात. आशा संपत आलेल्या माणसाला कोणीतरी पाठीशी आहे असे वाटणे ही किती मोठी गरज आहे, हे सायकलस्वाराला शेवटच्या चढावर कळते.

परंतु प्रारंभी उल्लेखिलेल्या पहिल्या प्रकारच्या सायकलस्वाराकडे, म्हणजे दुधाच्या किटल्या घेऊन येणाऱ्या गवळ्याकडे पुन्हा वळले पाहिजे. थंडी असो, पाऊस असो, बुंदेलखंडातील उन्हाळ्याची झळ असो, तो रोज मैलोगणती सायकल मारतो. वर्षभराचा हिशेब मांडला तर त्याचे अंतर कन्याकुमारीच्या प्रवाशास मागे टाकील. त्याला कोणी शाबास म्हणत नाही. त्याच्या मागे भोंगे वाजतात आणि अंधारात भरधाव वाहनांपासून जीव वाचवीत तो कडेच्या मातीत उतरतो. हौसेने केलेल्या श्रमाचे कौतुक आणि पोटासाठी केलेल्या श्रमाचा कंटाळा, ही आपल्या समाजातील विसंगती रस्त्यावर फार स्पष्ट दिसते. सर्व सायकलस्वारांना कडेला निर्धास्त जागा मिळणे ही पहिली शाबासकी होय, आणि तिच्यावाचून शब्द पोकळ ठरतात.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, लांबच्या प्रवाशाकडे पाहून आधी हात उंचावतो तो बहुधा हाच गवळी असतो. चढ किती लांब आहे आणि वारा कोणत्या बाजूचा आहे हे त्यास ठाऊक असते. तो क्षणभर सोबतीने चालवितो, दोन शब्द बोलतो आणि आपल्या गल्लीकडे वळतो. त्याच्याकडे पाहून ‘शाबास’ म्हणण्याची सवय आपण लावून घेतली, तर त्याचाही पुढचा चढ थोडा हलका होईल.